विंडोजवर झॅबिक्स एजंट बसवताना: फोन कोण कोणाला करतं, ते आधी ठरवा

‘दादा, सेव्हच होत नाहीये. काल रात्रीपर्यंत नीट होतं.’

मार्चअखेरीच्या आठवड्यात संध्याकाळी सहा वाजता असा फोन आला की पोटात गोळा येतो. एका पतसंस्थेच्या शाखेत गेलो, ‘धिस पीसी’ उघडलं, तर डी ड्राइव्हची पट्टी लालभडक आणि शिल्लक जागा शून्य बाइट्स. रोज रात्री बॅकअप घेणारी एक बॅच फाइल जुन्या प्रती पुसतच नव्हती. ती बॅच फाइल मीच लावली होती, त्यामुळे ओरडायचं तरी कोणावर! त्या रात्री घरी आल्यावर ठरवलं की ड्राइव्ह भरत आला हे मला कॅशियरच्या आधी कळलं पाहिजे.

त्यासाठी मी झॅबिक्स वापरतो, म्हणजे संगणकांवर दुरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. लाटव्हियातल्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी १९९८ मध्ये एका बँकेत काम करताना स्वतःच्या सोयीसाठी हे सुरू केलं आणि २००१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. सॉफ्टवेअर मुक्त आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, म्हणून दहा-वीस संगणकांच्या छोट्या संस्थेलाही परवडतं. एजंट म्हणजे प्रत्येक विंडोज मशीनवर गुपचूप चालणारी एक छोटी सर्व्हिस. प्रोसेसर किती दमलाय, मेमरी किती उरली, ड्राइव्ह किती भरला, कोणती सर्व्हिस बंद पडली, ही माहिती ती झॅबिक्स सर्व्हरला पुरवते.

सर्व्हर आधीच चालू आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे आणि आवृत्ती ७.० आहे असं धरून पुढचं लिहितो. एक अडचण आधीच सांगतो. कॉन्फिग फाइलमधली (सेटिंग्जच्या फाइलमधली) नावं आणि पडद्यावरची बटणं रोमन लिपीत असतात, इथे ती उच्चारावरून ओळखायची आहेत.

फोन कोण कोणाला करतं

नवख्या माणसाचा निम्मा वेळ इथेच जातो, म्हणून इन्स्टॉलरला हात लावण्याआधी हे डोक्यात बसू द्या.

एजंट आणि सर्व्हर दोन तऱ्हांनी बोलतात. पहिल्या तऱ्हेत सर्व्हर एजंटला फोन करून विचारतो, ‘सी ड्राइव्ह किती भरला?’ आणि एजंट उत्तर देतो. ही पॅसिव्ह तपासणी. इथे फोन एजंटच्या दारात येतो, म्हणून विंडोज मशीनवर १००५० हा पोर्ट, म्हणजे त्या दाराचा क्रमांक, उघडा लागतो. दुसऱ्या तऱ्हेत एजंट स्वतः सर्व्हरला फोन लावतो, काय काय मोजायचं त्याची यादी मागून घेतो आणि मोजमापं पाठवत राहतो. ही ॲक्टिव्ह तपासणी. इथे फोन सर्व्हरच्या दारात जातो आणि तिथे १००५१ उघडा लागतो. पॅसिव्ह हे नाव एजंटच्या बाजूने दिलंय, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

सर्व्हर आणि संगणक एकाच कार्यालयात, एकाच स्विचवर असतील तर पॅसिव्ह चालतं. तपासायलाही ते सोपं. पण शाखा दुसऱ्या गावात असेल आणि तिथल्या राउटरमागे संगणकाला आतला पत्ता मिळाला असेल, तर सर्व्हर त्या पत्त्यावर बाहेरून पोहोचूच शकत नाही. तिथे एजंटनेच बाहेर फोन लावायला हवा, म्हणजे ॲक्टिव्ह. लॅपटॉपचंही तसंच, तो आज ऑफिसात असतो, उद्या घरी. शिवाय विंडोजच्या इव्हेंट लॉगमधल्या नोंदी ॲक्टिव्ह पद्धतीनेच मिळतात, त्या पॅसिव्हने मागता येत नाहीत.

माझा कौल ॲक्टिव्हला आहे. संगणकांवर बाहेरून येणारा एकही पोर्ट उघडा ठेवावा लागत नाही, हा मला त्यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. दोन्ही पद्धती एकाच एजंटवर एकत्रही चालतात.

कोणती फाइल उतरवायची

झॅबिक्सच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या डाउनलोड पानावर एजंटचा विभाग आहे. तिथे विंडोज निवडा, आजच्या बहुतेक मशीनसाठी ६४ बिटवालं म्हणजे ‘एएमडी ६४’ निवडा (प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच), एन्क्रिप्शनसाठी ओपनएसएसएल आणि पॅकेज एमएसआय (विंडोजचा तयार इन्स्टॉलर). झिप फाइलही मिळते. सुरुवातीला तिच्या वाट्याला जाऊ नका. झिपमधल्या तयार कॉन्फिगमध्ये होस्टनेम म्हणून सरळ ‘विंडोज होस्ट’ लिहिलेलं असतं. ते न बदलता पाच मशीनवर टाकलं की पाचही मशीन सर्व्हरला एकाच नावाने हाका मारतात. मग एकाच आलेखात कधी कॅशियरची मेमरी, कधी मॅनेजरची.

एजंट आणि एजंट २ असे दोन प्रकार दिसतील. एजंट २ गो या भाषेत नव्याने लिहिलेला आहे. विंडोज १० पासून पुढच्या मशीनवर तोच घ्या. कोपऱ्यात अजून विंडोज ७ वर कुठलं तरी जुनं अकाउंटिंग चालवणारा डबा असेलच, त्यावर जुना एजंट बसवा.

एजंटची आवृत्ती सर्व्हरपेक्षा नवी नको. सर्व्हर ६.० चा असेल तर एजंट ६.० चाच घ्या. उलट चालतं, म्हणजे सर्व्हर नवा आणि एजंट जुना.

इन्स्टॉलर

ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार असलेल्या खात्यातून एमएसआय चालवा. पहिली दोन पानं ‘नेक्स्ट’ म्हणण्यापुरतीच आहेत. त्यानंतर जे पान येतं ते मात्र सावकाश भरा.

‘होस्ट नेम’ या रकान्यात संगणकाचं नाव आपोआप येतं. ते तसंच ठेवायचं असेल तर एकदा नीट वाचून घ्या. विंडोजचं जुन्या पद्धतीचं संगणक-नाव १५ अक्षरांत कापलं जातं आणि मोठ्या (कॅपिटल) लिपीत येतं. तुम्ही हौसेने लांबलचक नाव दिलं असेल तर इथे त्याचं शेपूट तुटलेलं दिसेल. मी शाखेचं संक्षिप्त नाव, आडवी रेघ आणि टेबलाचा क्रमांक असं नाव ठेवतो. आठ-दहा अक्षरांत काम होतं.

‘झॅबिक्स सर्व्हर’च्या रकान्यात १९२.१६८.१.१०. पॅसिव्हसाठी कोणाचा फोन उचलायचा, ते इथे ठरतं. या पत्त्याखेरीज दुसरीकडून फोन आला तर एजंट तो नाकारतो. ‘एजंट लिसन पोर्ट’ १००५० आहे, तोच राहू द्या. ‘सर्व्हर ऑर प्रॉक्सी फॉर ॲक्टिव्ह चेक्स’ म्हणजे एजंटने स्वतः कोणाला फोन करायचा. इथेही तोच पत्ता. हा रकाना रिकामा राहिला तर ॲक्टिव्ह तपासणी होतच नाही आणि तक्रारही कुठे दिसत नाही. एजंट नुसता गप्प बसतो.

‘एनेबल पीएसके’ पहिल्या मशीनवर रिकामं ठेवा, त्याचं पुढे सांगतो. ‘इन्स्टॉल’ दाबा. इन्स्टॉलर सर्व्हिस तयार करतो, सुरू करतो आणि विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये नियमही घालतो. पण वरून दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल आणि त्याची स्वतःची फायरवॉल असेल, तर तिथे परवानगी तुम्हालाच द्यावी लागेल.

सर्व्हरवर होस्ट नोंदवणं

होस्ट म्हणजे झॅबिक्स ज्यावर नजर ठेवतो तो संगणक. आता ब्राउझरमध्ये झॅबिक्स उघडा. ‘डेटा कलेक्शन’मध्ये ‘होस्ट्स’ (जुन्या आवृत्त्यांत हे ‘कॉन्फिगरेशन’खाली सापडेल), आणि उजवीकडे ‘क्रिएट होस्ट’.

‘होस्ट नेम’ इन्स्टॉलरमध्ये दिलं तेच, अक्षरशः तेच. लहान-मोठी लिपीसुद्धा जुळली पाहिजे. या नावात रोमन अक्षरं, आकडे, ठिपका, रेघ, अधोरेघ आणि जागा एवढंच चालतं. देवनागरी चालत नाही. पण त्याच्याच खाली ‘व्हिजिबल नेम’ आहे आणि तिथे देवनागरी बिनदिक्कत लिहा: ‘वाई शाखा – कॅशियर’. रात्री अकरा वाजता मोबाइलवर इशारा आला की डोळे चोळत संक्षिप्त नावाचा अर्थ लावत बसण्यापेक्षा हे फार बरं.

टेम्पलेट म्हणजे काय मोजायचं आणि कधी इशारा द्यायचा याची तयार यादी. ‘टेम्पलेट्स’मध्ये ‘विंडोज बाय झॅबिक्स एजंट’ हे पॅसिव्हसाठी आणि त्याचंच शेवटी ‘ॲक्टिव्ह’ लावलेलं भावंड ॲक्टिव्हसाठी. दोन्ही एकत्र लावू नका. ‘होस्ट ग्रुप’ एखादा द्यावाच लागतो. ‘इंटरफेसेस’मध्ये पॅसिव्ह असेल तर ‘एजंट’ निवडून संगणकाचा पत्ता आणि १००५० पोर्ट. नुसतं ॲक्टिव्ह असेल तर इंटरफेस नसला तरी चालतो.

एक-दोन मिनिटं थांबा. पॅसिव्हचं असेल तर होस्टच्या ओळीतलं ‘झेडबीएक्स’ हे चिन्ह हिरवं होतं. जुन्या आवृत्त्यांत फक्त ॲक्टिव्ह असलेल्या होस्टचं चिन्ह करडंच राहतं, माहिती नीट येत असली तरी. म्हणून चिन्हावर विसंबू नका. ‘मॉनिटरिंग’मध्ये ‘लेटेस्ट डेटा’ उघडून आकडे येताहेत का ते पाहा. मेमरी आणि प्रोसेसर लगेच दिसतात, ड्राइव्ह दिसत नाहीत. याला घाबरू नका. कोणकोणते ड्राइव्ह आहेत याचा शोध टेम्पलेट तासातून एकदा घेतं. चहा पिऊन या.

कुणी विचारेल, सगळ्यांचा सामायिक झेड ड्राइव्ह का दिसत नाही? एजंटची सर्व्हिस ‘लोकल सिस्टिम’ या खात्याखाली चालते आणि वापरणाऱ्याने स्वतःच्या लॉगिनमध्ये जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह त्या खात्याला दिसत नाही. तो ड्राइव्ह मुळात ज्या मशीनवर आहे, तिथे एजंट बसवा.

कॉन्फिग फाइलला हात लावताना

पुढे सर्व्हरचा पत्ता बदलला तर पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही. सी ड्राइव्हवर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ‘झॅबिक्स एजंट २’ नावाचा फोल्डर आहे. त्यातली ‘कॉन्फ’ शेपटीची फाइल म्हणजे सगळा कारभार. कामाच्या ओळी तीनच: ‘सर्व्हर’ (कोणाचा फोन उचलायचा), ‘सर्व्हरॲक्टिव्ह’ (कोणाला करायचा), ‘होस्टनेम’ (फोनवर आपलं नाव काय सांगायचं).

नोटपॅडवर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि मग त्यातून फाइल उघडा. नाहीतर सेव्ह करताना विंडोज तुम्हाला ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरकडे ढकलतं. तुम्ही तिथे सेव्ह करता आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहते. या फाइलमध्ये ‘#’ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे नुसत्या टिपा. त्यांत बदल केला आणि ‘#’ तसंच ठेवलं तर काहीच होत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये हवी, पण सुरुवातीला बीओएम नावाचं अदृश्य चिन्ह नको. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासूनचं नोटपॅड बरोबर सेव्ह करतं. त्याआधीचं नोटपॅड यूटीएफ-८ निवडलं की हे चिन्ह चिकटवतं.

बदल केल्यावर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘झॅबिक्स एजंट २’वर ‘रीस्टार्ट’. हे विसरलात तर जुनेच पत्ते चालू राहतात.

अडलं तर लॉग वाचा

त्याच फोल्डरमध्ये ‘लॉग’ शेपटीची फाइल असते. लोक गूगल करत बसतात आणि उत्तर इथे शेवटच्या दहा ओळींत पडलेलं असतं.

‘नो ॲक्टिव्ह चेक्स ऑन सर्व्हर’ आणि पुढे ‘होस्ट... नॉट फाउंड’ असं दिसलं तर फोन लागला, पण सर्व्हर म्हणाला, ‘या नावाचं इथे कोणी नाही.’ नाव जुळत नाही. मी एकदा अख्खी दुपार या ओळीपुढे घालवली आहे. दोन्हीकडे नाव तेच दिसत होतं. शेवटी फॉन्ट मोठा केला, तर एकीकडे इंग्रजी ‘ओ’ आणि दुसरीकडे शून्य. तेव्हापासून नाव मी टाइप करत नाही, एकीकडून कॉपी करून दुसरीकडे चिकटवतो.

‘कनेक्शन फ्रॉम... रिजेक्टेड, अलाउड होस्ट्स...’ असं दिसलं तर सर्व्हरचा फोन आला, पण पाहुण्यांच्या यादीत त्याचा पत्ता नव्हता. लॉगमध्ये नेमका कोणता पत्ता आला तेही छापलेलं असतं. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असली की हे हमखास होतं. तो पत्ता ‘सर्व्हर’ ओळीत स्वल्पविराम देऊन जोडा.

लॉगमध्ये वेळ संपल्याची किंवा जोडणी न झाल्याची तक्रार असेल तर रस्ताच बंद आहे. विंडोज मशीनवर पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचा पत्ता आणि १००५१ पोर्ट देऊन चालवा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा, ‘फॉल्स’ आलं तर सर्व्हरची फायरवॉल पाहा. उलट दिशा तपासायला सर्व्हरवर ‘झॅबिक्स गेट’ हे छोटं साधन आहे. त्याला मशीनचा पत्ता आणि ‘एजंट डॉट पिंग’ ही की द्या. उत्तरात १ आला की बोलणं झालं. नुसत्या पिंगवर भरवसा ठेवू नका. पिंग लागतो आणि पोर्ट बंद असतो, असं रोज दिसतं.

कुलूप

शाखेतली माहिती इंटरनेटवरून येणार असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेला खासगी बोगदा, उत्तम. तो नसेल तर पीएसके लावल्याशिवाय सर्व्हरचा पोर्ट बाहेर उघडू नका. पीएसके म्हणजे दोघांनाच ठाऊक असलेली किल्ली. सर्व्हरवर ओपनएसएसएलने ३२ बाइट्सची यादृच्छिक किल्ली तयार करा, तिचे हेक्समध्ये ६४ अंक होतात. १६ बाइट्सपेक्षा छोटी किल्ली झॅबिक्स घेत नाही. किल्लीला एक ओळखनाव द्यावं लागतं आणि ते तारेवरून उघडंच जातं, म्हणून त्यात गुपित काही लिहू नका.

ओळखनाव आणि किल्ली इन्स्टॉलरच्या पीएसके पानावर भरा आणि होस्टच्या ‘एन्क्रिप्शन’ टॅबमध्येही तेच. तिथे पुन्हा तीच दोन दिशांची गोष्ट आहे: ‘कनेक्शन्स टू होस्ट’ म्हणजे सर्व्हरने केलेला फोन, ‘कनेक्शन्स फ्रॉम होस्ट’ म्हणजे एजंटने केलेला. दोन्हींत पीएसके ठेवा.

सर्व्हरवरून या मशीनवर वाटेल ती आज्ञा चालवायची सोय एजंटमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. ती बंदच राहू द्या. कोणी व्हिडिओ पाहून ‘हे उघडा’ म्हणालं तर का, ते आधी विचारा.

गोंगाट

पहिल्या दिवशी सगळं हिरवं पाहून आनंद होतो. तिसऱ्या दिवशी इशाऱ्यांनी वैताग येतो. बहुतेक इशारे एकाच जातीचे: अमुक सर्व्हिस आपोआप सुरू व्हायला हवी होती, पण बंद आहे. ब्राउझरचं अपडेट करणाऱ्या सर्व्हिसेस काम झालं की स्वतःच थांबतात आणि टेम्पलेट त्यावर बोंब मारतं. काही नावं टेम्पलेटने आधीच वगळलेली आहेत. तुमच्याकडची उरलेली नावं ‘सर्व्हिस डॉट नेम डॉट नॉट मॅचेस’ या मॅक्रोमध्ये, म्हणजे टेम्पलेटमधल्या बदलता येणाऱ्या मूल्यात, जोडा. मूळ मजकूर पुसून नव्हे, त्याला जोडून.

ड्राइव्हसाठी मुळात ८० टक्क्यांना इशारा आणि ९० ला गंभीर इशारा अशी मर्यादा आहे. ज्या मशीनचा ड्राइव्ह कायमच ८५ वर असतो तिथे त्या एका होस्टपुरता मॅक्रो बदला, टेम्पलेट नको.

आणि रात्र. शाखा सात वाजता बंद होते, शिपाई मेन स्विचच पाडतो आणि सगळे संगणक ‘गायब’ झाल्याचे इशारे ओळीने येतात. ‘मेंटेनन्स’मध्ये रोज संध्याकाळी सात ते सकाळी नऊ असा काळ नेमून त्यात हे होस्ट घाला. दुपारी लाइट गेली तर इशारा येईलच, तो येऊ द्या.

मोबाइलवर किंवा ईमेलवर निरोप मिळावा यासाठी ‘मीडिया टाइप’ भरावा लागतो आणि ‘ॲक्शन्स’मध्ये तयार असलेली ‘रिपोर्ट प्रॉब्लेम्स टू झॅबिक्स ॲडमिनिस्ट्रेटर्स’ ही कृती चालू करावी लागते. ती मुळात बंद असते. पडद्यावर लाल दिसतं आणि फोनवर काहीच येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

एका मशीनवर जमलं की बाकीच्यांवर विझार्ड चालवायची गरज नाही. विंडोजच्या ‘एमएसआयएक्झेक’ला सर्व्हर, सर्व्हरॲक्टिव्ह आणि होस्टनेम ही मूल्यं मोठ्या लिपीत देऊन आणि ‘/’नंतर ‘क्यूएन’ लावून काहीही न विचारता इन्स्टॉल करता येतं.

शेवटी एक खोटी आग लावून पाहा. ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘एफएसयूटिल फाइल क्रिएटन्यू’ला डी ड्राइव्हवरचं फाइलचं नाव आणि आकार बाइट्समध्ये द्या. क्षणात तेवढ्या आकाराची पोकळ फाइल तयार होते. ड्राइव्ह ९० टक्क्यांच्या वर जाईल एवढा आकार ठेवा, पण पूर्ण भरू देऊ नका. हे कामाच्या गर्दीत करू नका आणि मेंटेनन्सच्या काळातही नको, तेव्हा इशारा येणारच नाही. पाच-सात मिनिटांत फोन वाजला पाहिजे. वाजला की फाइल शिफ्ट-डिलीटने उडवा, नुसत्या डिलीटने ती रिसायकल बिनमध्ये जाऊन जागा अडवूनच बसेल. आणि थांबा. इशारा मिटल्याचा दुसरा निरोपही आला पाहिजे.